क्रेडिट कार्डाचं कर्ज फेडून देतो म्हणणाऱ्याला आधी फी देऊ नका

“अर्ध्या पैशात कार्ड बंद करून देतो, आधी फी भरा,” असा फोन आला की लगेच ठेवून द्या. तडजोड करायची की नाही हे बँकच ठरवते, मधल्या माणसाच्या हातात काही नसतं. ती फी थेट कार्डात भरलेली बरी.

बँकेला स्वतः ईमेल करा: थकबाकीचे हप्ते पाडून द्या, व्याजदर लेखी कळवा. महिना साडेतीन टक्क्यांनी ५० हजारांवर दरमहा १,७५० रुपये नुसतं व्याज होतं. ‘मिनिमम ड्यू’ (बिलावरची किमान रक्कम) भरून मुद्दल जेमतेम हलते, हे घरात सगळ्यांना सांगा.

हिशेबाला कुणी जाणतं हवं असेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचं (लीड बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणारी बँक) आर्थिक साक्षरता केंद्र गाठा. तिथे सल्ला मोफत मिळतो. सगळ्या कार्डांची स्टेटमेंटं आणि घरखर्चाची वही सोबत न्या.

‘सेटलमेंट’ (तडजोडीने कमी रक्कम भरून कर्ज मिटवणं) अगदी नाइलाज झाला तरच. सिबिलवर (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर) तसा शेरा राहतो आणि पुढे गृहकर्जाला अडतो. बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची मनाई आहे. बँकेने ३० दिवसांत तक्रारीची दखल घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. तिथेही फी नाही.