ग्रुपवरच्या मेलला रिप्लाय देताना या चुका टाळा, नाहीतर "हो चालेल" नेमकं कशाला ते कुणालाच कळत नाही

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवाल्यांचा एक मेल ग्रुप आहे, व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांकडेच आहे पण तिथं सकाळचं बोललेलं संध्याकाळी सापडत नाही आणि मेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं पण सर्च मारलं की निघतं, म्हणून तो आम्ही धरून ठेवलाय. तर एका भाऊंनी मृगबागेबद्दल (म्हणजे जूनच्या सुमारास लावलेली केळी) एकाच मेलमध्ये तीन प्रश्न विचारले, ड्रिपमधून १९:१९:१९ खत सोडू का, हरण्या (केळीवरचा व्हायरसचा रोग) दिसतोय ती झाडं उपटू की फवारणी करून ठेवू, आणि मधल्या पट्ट्यात काकडी लावू का. एका जाणत्या आप्पांनी शेतातूनच मोबाईलवर रिप्लाय दिला, सगळ्यात वर एवढंच: "हो, चालेल, करून टाका." आणि खाली तो अख्खा मेल तसाच लटकलेला. आप्पांच्या मनात खताचं होतं. भाऊंनी ते फवारणीला हो समजून घेतलं आणि हरण्याची झाडं तशीच उभी ठेवली, आठ-दहा दिवसांनी मी बागेत गेलो तर शेजारच्या ओळीत पण कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे. मावा नावाची बारीक कीड या झाडावरून त्या झाडावर जाते आणि रोग सोबत नेते, एवढे दिवस तिला भरपूर झाले. आप्पांचं ज्ञान पक्कं, भाऊंनी विचारलं पण वेळेवर, घोळ फक्त रिप्लाय लिहायच्या पद्धतीत झाला.

तोच रिप्लाय असा आला असता तर?

> ड्रिपमधून १९:१९:१९ सोडू का?

हो, चालेल.

> हरण्याची झाडं उपटू की फवारणी करून ठेवू?

उपटा, आजच. मुळासकट काढून बागेच्या बाहेर नेऊन गाडा. फवारणीने मावा मरेल पण रोग लागलेलं झाड बरं होत नाही.

> मधल्या पट्ट्यात काकडी लावू का?

नको, काकडीवर पण हाच व्हायरस येतो.

लिहायला दोन मिनिटं जास्त लागली असती, बस. ही जी > खूण आहे ना, ती म्हणजे समोरच्याचं वाक्य, दोन खुणा आल्या तर त्याच्याही आधीच्या माणसाचं, आणि खुणेशिवाय जे आहे ते तुमचं. प्रश्न वर, उत्तर त्याच्या लगेच खाली, म्हणजे दोन वर्षांनी कुणी सर्च करून आला तरी त्याला एका नजरेत कळतं. ही पद्धत जुनीच आहे, आरएफसी १८५५ म्हणून इंटरनेटवर कसं वागायचं याचा एक दस्तऐवज ऑक्टोबर १९९५ मध्ये निघाला, त्यात पण हेच सांगितलंय की रिप्लाय देताना वाचणाऱ्याला संदर्भ लागेल एवढाच मूळ मजकूर ठेवा.

बरेच जण म्हणतात आमच्या मेलमध्ये तर खाली काही दिसतच नाही, मग काढायचं काय. जीमेल जुना मजकूर तीन टिंबांमागे लपवतं, तुम्हाला दिसत नाही पण जातो मात्र सगळा. त्या टिंबांवर दाबा, जुनं उघडेल, नको ते डिलीट करा आणि हव्या त्या ओळीखाली लिहा. असं न करता वीस जणांनी एकाखाली एक "धन्यवाद भाऊ" केलं की मेल फुगत जातो आणि १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो मध्येच तोडून दाखवतं. मेल बघायला कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा प्रोग्रॅम वापरत असाल तर अजून सोपं आहे, हवी तेवढीच ओळ सिलेक्ट करून रिप्लाय दाबा, तेवढीच येते.

आता कापायचं सांगितलं की काही जण फारच कापतात, आणि ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते कारण आपल्या मराठीत नकार वाक्याच्या शेवटाला असतो. "भर उन्हात दुपारी फवारणी करायला हरकत आहे असं नाही पण मे महिन्यात आपल्याकडे करूच नका" या वाक्यातलं "पण"च्या आधीचं तेवढं उचललं की लिहिणाऱ्याच्या नावावर बरोबर उलटा सल्ला लागतो, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात तो सल्ला कुणी ऐकला तर पानं करपणार. म्हणून कापायचं तर पूर्ण वाक्य ठेवा, पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत, शेवटचं "नका", "नाही", "नको" आलंय का ते बघूनच सेंड करा. मधलं काही गाळलं तर तिथं तीन टिंबं द्या. दुसऱ्याच्या वाक्यात शुद्धलेखन सुधारायला पण जाऊ नका, त्याचं आहे तसं राहू द्या. आणि कुणी लिहिलं ती नावाची ओळ उडवू नका, तीन जणांचं बोलणं एकात एक गेलं की नानांचं म्हणणं बापूंच्या नावावर जातं आणि मग दोघं नाराज.

कुणी तुम्हाला एकट्याला लिहिलेला मेल ग्रुपवर टाकायचा असेल तर आधी फोन करून विचारा, व्यापाऱ्याने काय भाव दिला, किती उधारी आहे असं माणूस विश्वासाने लिहितो. त्याच कारणाने सेंड करायच्या आधी वर "टू"मध्ये कोण आहे ते बघायचं, काही ग्रुपमध्ये रिप्लाय दाबलं की सगळ्यांना जातो तर काहींमध्ये फक्त लिहिणाऱ्याला, ते ग्रुप चालवणाऱ्याने कसं सेटिंग ठेवलंय त्यावर आहे. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला ५ सेकंद मिळतात, सेटिंगमध्ये जाऊन ते ३० करून ठेवा, त्यानंतर मात्र तो परत येत नाही.

अजून एक, नवीन प्रश्न विचारायला जुनाच मेल उघडून, रिप्लाय दाबून, विषय बदलून पाठवणं. तुम्ही जीमेलवर असाल तर तुम्हाला तो वेगळा दिसेल म्हणून चूक झाली असं वाटणारच नाही, पण मेलच्या आत हा कुठल्या मेलचा रिप्लाय आहे ती नोंद राहते आणि थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये तुमचा कांदेबागेचा (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीचा) प्रश्न कुणाच्या तरी ठिबकच्या चर्चेच्या पोटात जाऊन बसतो, मग उत्तर येत नाही आणि वाटतं की आपल्याला कुणी विचारतच नाही. नवीन विषयाला नवीन मेल काढा. दिवसभराचे मेल एकत्र येतात त्या डायजेस्टला रिप्लाय देताना पण विषयाची ओळ बदला आणि बाकीच्यांचे मेल काढून टाका.

खालची सही चार ओळींच्या आत ठेवा. श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेलं सरळ मेलमध्ये पेस्ट करू नका, समोर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात, युनिकोडमध्येच लिहा. कुणाचा असा न वाचता येणारा मेल आलाच तर तो रिप्लायमध्ये खाली न ठेवता त्यालाच कळवा की परत पाठव.

आणि ही तक्रार तर दर महिन्याला येते, "माझा मेल ग्रुपवर आलाच नाही" म्हणून लोक तोच मेल तीन-तीनदा टाकतात. जीमेलवरून ग्रुपला पाठवलेला तुमचा स्वतःचा मेल तुमच्या इनबॉक्समध्ये वेगळा येत नाही, तो सेंटमध्येच असतो. परत पाठवायच्या आधी ग्रुपमधल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारा, त्याला मिळाला असेल तर तो ग्रुपवर गेलाय.