इमॅजिकाले पोट्टे घेऊन जाताय? आधी सीझन पाहा

इमॅजिका म्हणजे खोपोलीजवळचा थीम पार्क. आपल्या विदर्भातून विदर्भ एक्सप्रेसनं कल्याणले उतराचं अन् तिथून खोपोलीची लोकल, पण जाचं कधी हे आधी ठरवा.

मे मधी नका जाऊ, नवतपाचं कडक ऊन सोसणाऱ्या माणसाले वाटते आपल्याले काय होते, पण खोपोलीकडं हवा दमट, लाईनीत उभं राहून जीव नुसता उकडून निघते, गेलेच तर दुपारी वॉटरपार्क करा. पावसाळ्यात गर्दी कमी, डोंगर हिरवेगार, पण जोराचा पाऊस नाहीतर विजा सुरू झाल्या की मोठ्या राईड बंद ठेवतात, अन् ते बरोबरच आहे, तिथं वाद घालू नका.

माह्या मतानं बेस्ट म्हणजे जानेवारी, सोयाबीनचा पैसा हाती, नाताळची गर्दी ओसरलेली, मधला वार पकडा. गेट उघडलं की सीधे नायट्रो या रोलर कोस्टरकडं, मागून लाईन वाढत जाते. त्याले खाली फरशीच नाही, पाय लोंबकळत पाच वेळा उलटं फिरवते, म्हणून चप्पल काढून ठेवा, मोबाईल, चिल्लर खिशात नको, अन् भरपेट खाऊन तर बसूच नका. लहान पोरांची उंची मोजूनच सोडतात, त्याईले आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथं रडारड होते.