पांढुरका पडलेला अमोनाइट

कोल्हापूरचा दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्ह्याचा. त्यात अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखासारख्या कवचाच्या प्राचीन समुद्री प्राण्याचा जीवाश्म, सापडायचं नावच नको. माझा कच्छकडचा, मामांच्या जुन्या संग्रहातला. मधोमध मोडलेला आणि पूर्वी कुणीतरी सायनोॲक्रिलेटने (सुपरग्लूने) वाकडा चिकटवलेला.

काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवून, झाकण लावून रात्रभर ठेवला. खिडक्या उघड्या, शेगडीपासून लांब. ॲसिटोन लगेच पेट घेतं. सांधा सुटल्यावर गोंदाचे पिवळट पापुद्रे गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ बाजारातून, आणलेल्या सोनारी सुईने खरवडले.

मग पॅरलॉइड बी-७२, ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं ॲक्रिलिक रेझिन. संग्रहालयांत हेच वापरतात, कारण ॲसिटोनने पुन्हा सोडवता येतं. सांध्याला मधासारखं दाट, वरून ५ टक्क्यांचा पातळ हात. तुकडा परातीतल्या कोरड्या वाळूत असा खोचला की वरच्या भागाचं वजन नीट सांध्यावर यावं.

पण आमचा श्रावण! ॲसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लेप पांढुरका पडतो. ॲसिटोनचा ब्रश पुन्हा अलगद फिरवला आणि ओलावा शोषणारं सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात सावकाश वाळवला. पांढुरकी झाक गेली, कवचावरच्या बरगड्या स्वच्छ दिसू लागल्या.

वार्निश मात्र मारू नका, दगड प्लॅस्टिकचा वाटतो.