आंबोलीला हिमालयाचं उत्तर लावू नका: पर्वत कसे बनतात हे शिकताना या चुका टाळा

"काय ओ सर, आंबोलीचा डोंगर पण टक्कर होऊनच वर आलाय न्हवं?" खानापूरकडच्या एका मुलाचा हा प्रश्न. 'पट्ट एकमेकांवर आदळतात आणि पर्वत तयार होतात' हे हिमालयाबद्दलचं वाक्य त्याला पाठ होतं (पट्ट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे, सरकणारे तुकडे), आणि डोंगर म्हणून त्याने पाहिलेला होता तो सह्याद्रीच.

बेळगाव भागातल्या मुलांची सगळ्यात मोठी चूक होते ती इथेच. सह्याद्री टकरीतून झालेला नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. पश्चिमेकडचा भूभाग तुटून दूर गेला. उरलेली कड पाण्यापावसाने झिजत गेली, तोच आपला सह्याद्री. बेळगावाहून चंदगडमार्गे आंबोलीला जाताना आठवून बघा. मोठा घाट चढावा लागतच नाही. शेतंशिवारं, झाडी ओलांडत जातो आणि एकदम समोर कडा येतो, खाली कोकण. आपण पठारावरच राहतो, म्हणून घाट फक्त उतरायचा असतो. हिमालयात असं नाही. तिथे मैदानातून एकामागून एक रांगा चढत जाव्या लागतात, कारण ते दाबाने दुमडलेले आणि एकमेकांवर चढलेले थर आहेत.

दुसरी चूक 'टक्कर' या शब्दाची. मुलं उत्तरात दोन लॉऱ्यांची धडक रंगवतात. हिमालय उभा करणारा भारतीय पट्ट आशियाच्या दिशेने वर्षाला चार-पाच सेंटिमीटर सरकतो. १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हापासून आजवरचा हिशेब करा: जेमतेम तीन-साडेतीन मीटर. पण हा रेटा सुमारे ५ कोटी वर्षं थांबलेला नाही.

'एक पट्ट खाली गेला, दुसरा वर आला' हे सगळीकडे चालणारं उत्तर नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताला ते लागू पडतं, तिथे सागरी तळाचा जड पट्ट खंडाखाली जातो आणि ज्वालामुखी होतात. हिमालयात दोन्ही बाजूंना खंडच, दोन्ही हलके. सहज बुडायला कुणीच तयार नाही. म्हणून कवच जाड होत गेलं. तिबेटखाली ते सुमारे ७० किलोमीटर आहे, म्हणजे नेहमीच्या दुप्पट.

एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्री जीवांचे अवशेष सापडतात, म्हणून समुद्र तेवढा उंच होता असंही कुणीतरी लिहितंच. समुद्र नव्हे, त्याचा तळ वर उचलला गेला. याचा पुरावा आपल्याकडे कित्येकांच्या देवघरात आहे. नेपाळच्या काली गंडकीतून येणारा शाळिग्राम म्हणजे भारत आणि आशियामधल्या टेथिस समुद्रात राहणाऱ्या शंखधारी प्राण्याचा अश्म झालेला ठसा. त्यावरचं चक्र म्हणजे त्या शंखाचेच वेढे. मुलांना तो हातात घेऊन बघू द्या. पुस्तकातल्या दहा आकृत्यांपेक्षा मला तो जास्त मोलाचा वाटतो.

आता मॉडेल. बहुतेक घरी सतरंजी भिंतीकडे ढकलतात. त्यात घड्या दिसतात, पण थरावर थर चढताना दिसत नाही. त्यापेक्षा काचेच्या पेटीत चाळलेली कोरडी वाळू आणि रंगीत रांगोळी यांचे आलटून पालटून पातळ थर द्या आणि एका बाजूने लाकडी फळी सरकवा. नुसते गोळे होऊन थर फुटत असतील तर रांगोळी सर्दावली आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे होणारच. आधी तव्यावर मंद आचेवर गरम करून घ्या. थर एकमेकांत मिसळत असतील तर फळी घाईने ढकलली जाते आहे, बोटभर सरकवा आणि थांबा. फळीच्या खालून वाळू निसटत असेल तर तळाला जाड कापडाची पट्टी लावा.

नीट जमलं तर फळीपुढे तिरके थर एकमेकांवर चढताना काचेतून स्पष्ट दिसतात. माथा उंच झाला की बाजू ढासळते. मुलांना वाटतं, मॉडेल बिघडलं. बिघडलेलं नसतं. हिमालयही एकीकडे झिजतो आणि दुसरीकडे वर येतो. साचलेला ताण मोकळा झाला की २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात झाला तसा ७.८ तीव्रतेचा भूकंप होतो. फळी थांबवू नका. ढासळलेल्या वाळूसकट ती पुन्हा वर चढते का, ते मुलांनाच बघू द्या.