शहरातली जुनी मंदिरं, मशिदी, चर्च पायी कशी बघायची

आधी मॅपवर सगळी ठिकाणं सेव्ह करा, पण एका दिवसात चार-पाचच्या वर घेऊ नका, नाहीतर नुसती धावपळ होते, बघणं राहून जातं. वार फार महत्त्वाचा बरं का, शुक्रवारी दुपारी मशिदीत जुम्म्याची नमाज, शनिवारी सिनेगॉगमध्ये (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, रविवारी सकाळी चर्चमध्ये मास (सामूहिक प्रार्थना), तेव्हा नुसतं फिरायला म्हणून आत जाऊच नये, ती प्रार्थनेची वेळ असते. मंदिरं बरीचशी दुपारी बंद असतात म्हणून ती सकाळीच उरकायची.

जुन्या चर्चचं अल्टर (मुख्य वेदी) बहुतेक वेळा पूर्वेला असतं, त्यामुळे सकाळच्या उन्हात त्याच्यामागच्या रंगीत काचा अशा काही उजळतात की बघतच राहावं, आणि दर्शनी बाजू पश्चिमेला म्हणून बाहेरचे फोटो दुपारनंतर. मशिदीत मिहराब (भिंतीतला कमानीचा कोनाडा) बघा, तो मक्केची दिशा दाखवतो, कधीकधी रस्ता सरळ आणि आतला हॉल तिरका असतो ना, तो यामुळेच.

पटकन काढता येतील अशा चपला, खांदे-गुडघे झाकणारे कपडे, डोक्याला बांधायला मोठा रुमाल (गुरुद्वारात डोकं झाकावंच लागतं), आणि जैन मंदिरात जायचं असेल तर चामड्याचा पट्टा-पाकीट घरीच ठेवा. फोटो विचारूनच काढा, नाही म्हणाले तर मोबाईल सरळ खिशात.