मॉरिस मायनरचं इंजिन पुन्हा जुळवताना या चुका टाळा

मॉरिस मायनर या जुन्या ब्रिटिश गाडीचा रिबोअर झालेला (सिलिंडरची भोकं नव्याने कापलेला) ब्लॉक आणि ग्राइंड केलेला क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, घरी आला की माणसाला धीर निघत नाही. शनिवारी जुळवणी, रविवारी संध्याकाळी फेरफटका, असा बेत करणारे मी इथे बर्मिंगहॅममध्ये दरवर्षी पाहतो. मायनरचं १०९८ सीसीचं ए-सिरीज इंजिन साधं आहे, पण घाई त्याला सोसत नाही.

सगळ्यात महागात पडते ती दुसऱ्याच्या धुण्यावर भिस्त. ब्लॉक बाहेरून लख्ख दिसतो, पण ऑइल गॅलरीची (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांची) पितळी बुचं काढलेली नसतील तर जुना गाळ आणि होनिंगचा (सिलिंडर घासल्याचा) कीस आतच राहतो. एका मित्राचं इंजिन आम्ही दोघांनी असंच भरलं. वर्कशॉपने "धुऊन दिलंय" म्हटलं आणि आम्ही मान डोलावली. साठ-सत्तर मैलांतच आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ऑइलचा दाब कमी असल्याचा दिवा लुकलुकू लागला. सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवला, तर मेन बेअरिंगच्या कोऱ्या शेलांवर (क्रँक ज्यांत फिरतो त्या पातळ अर्धगोल पट्ट्यांवर) नख अडकेल असे ओरखडे. पितळी बूच ड्रिल करून काढलं, तर त्यामागून राखाडी लगदा निघाला. क्रँक पुन्हा ग्राइंडला गेला, शेल पुढच्या साइझचे आले आणि मित्राचा अख्खा उन्हाळा वाया गेला.

तेव्हापासून बुचं मी स्वतः काढतो आणि तिथे आटे पाडून स्क्रूची बुचं बसवतो. प्रत्येक भोकातून लांब ब्रश, साबणाचं गरम पाणी, मग हवा आणि लगेच ऑइल. क्रँकच्या भोकांनाही तेच. शेवटी ऑइल लावलेल्या पांढऱ्या फडक्याने बोअर (सिलिंडरची आतली बाजू) पुसायचा. फडकं राखाडी झालं की पुन्हा धुणं. तीनदा धुवावं लागलं तरी मी कुरकुरत नाही.

शेलची पाठ कोरडी हवी, ऑइल फक्त आतल्या बाजूला. बेअरिंग कॅपची (शेल दाबून धरणाऱ्या टोप्यांची) अदलाबदल कधीच नाही.

मधल्या मेन बेअरिंगचे थ्रस्ट वॉशर (क्रँकची पुढे-मागे हालचाल रोखणाऱ्या चकत्या) उलटे बसवणारेही भेटतात. खाचांची बाजू क्रँककडे. क्रँकची पुढे-मागे हालचाल ०.००२ ते ०.००३ इंच भरली पाहिजे, आणि ती डायल गेजवर बघायची, हाताच्या अंदाजाने नाही.

टायमिंगच्या दोन चाकांवरचे, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांच्या चाकांवरचे, ठिपके समोरासमोर. हेडचे (ब्लॉकवरच्या झाकणाचे) नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, ४० फूट-पाउंडपर्यंत. सांध्यांना सिलिकॉन सीलंटचे लपके मला मुळीच चालत नाहीत: आत पिळून निघालेला तुकडा सुटून ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतो.

आणि मग कुणीतरी म्हणतं, "काका, जरा सुरू करून आवाज तर ऐकू या!" याच क्षणी नवा कॅमशाफ्ट मरतो. आयडलला कॅमवर ऑइल जेमतेम उडतं, आणि कॅम आणि टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे तुकडे) एकमेकांना बसायच्या आतच खरवडले जातात. म्हणून नव्या कॅमवर जुने टॅपेट नकोत, दोघांना असेम्ब्लीची पेस्ट लावायची, आणि ऑइल जस्त असलेलं घ्यायचं. प्लग काढून ऑइलचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर फिरवायचा. इग्निशनचं टायमिंग, पाणी, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल आधीच तयार ठेवायचं, म्हणजे इंजिन पहिल्या झटक्यात उठतं. उठलं की थेट २,००० आरपीएमच्या आसपास, वीस मिनिटं. मध्ये गळती दिसली तर इंजिन बंद करा, पण आयडलवर ठेवून शोधत बसू नका.

गार झाल्यावर व्हॉल्व्हचं अंतर ०.०१२ इंच आहे ना ते पुन्हा बघा, आणि ते पहिलं ऑइल त्याच दिवशी काढून टाका.