‘दे ना त्याला, लहान आहे तो!’ : भरल्या घरात निःस्वार्थीपणा शिकवताना या चुका टाळा

आमच्या घरी पाच मुलं. नाताळच्या करंज्यांचा डबा भरला की तो कुठल्या फळीवर ठेवायचा यावर आम्ही नवरा-बायको आधी खल करतो. कारण उरलेली शेवटची करंजी कोणाची, यावर आमच्याकडे जेवढे वाद झालेत तेवढे मंडळीच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या) कमिटीतही झाले नसतील. (अतिशयोक्ती आहे. थोडीशीच.) लग्न झालं तेव्हा वाटायचं, ख्रिस्ती घर आहे, रोज संध्याकाळी प्रार्थना, रविवारी शब्बाथ शाळा (मुलांचा बायबलचा वर्ग), मुलं आपोआप एकमेकांना धरून राहतील. तसं काही झालं नाही. उलट ज्यांना बायबलची वचनं पाठ, ती भांडतातसुद्धा वचनांच्या आधारानं.

पुढच्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केलेल्या आहेत, काही तर अजूनही करतो.

हातातलं काढून दुसऱ्याला देणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीनं होतं. मोठा रंगपेटी घेऊन बसलेला असतो. धाकटा रडत येतो. कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, आपल्याला शांतता हवी असते. आपण मोठ्याच्या हातातून पेटी घेतो, धाकट्याला देतो आणि वर म्हणतो, ‘वाटून घ्यावं बाळा, येशूला आवडतं.’

आता यात कोण काय शिकलं ते बघा. धाकटा शिकला की रडलं की मिळतं. मोठा शिकला की माझं असं काही नसतंच, तेव्हा पुढच्या वेळी लपवून ठेवावं. आणि दिलं कोणी? आईनं दिलं, तेही दुसऱ्याचं.

मूल खाऊ उशीखाली आणि पेन्सिली दप्तराच्या तळाशी दडवायला लागलं की आपण त्याला स्वार्थी म्हणतो. बहुतेक वेळा ते नुसतं घाबरलेलं असतं.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हनन्याची गोष्ट आहे. जमीन विकून आलेल्या पैशातले काही त्यानं मागे ठेवले आणि सगळे दिले असं भासवलं. शब्बाथ शाळेत ती खोटं बोलू नये म्हणून सांगतात, पण त्यात येशूचा शिष्य पेत्र याचा एक प्रश्न आहे, तो आपण घाईत ओलांडतो. जमीन होती तोवर तुझीच नव्हती का, आणि विकल्यावर पैसे तुझ्याच हातात नव्हते का? म्हणजे सगळं सामाईक ठेवणाऱ्या त्या पहिल्या मंडळीतसुद्धा ‘तुझं’ हे तुझंच होतं. म्हणून तर देण्याला किंमत होती.

हीच गोष्ट एका आईनं फार व्यवहारीपणे सांगितली आहे. मेथडिस्ट पंथ सुरू करणारे भाऊ जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची आई सुझाना. इंग्लंडमधल्या एपवर्थ गावच्या पाळकाची (चर्चच्या धर्मगुरूची) बायको. तिला एकोणीस मुलं झाली, त्यातली दहा जगली. 1732 मध्ये जॉननं विचारलं म्हणून तिनं घरचे नियम पत्रात लिहून पाठवले. त्यातला एक असा की प्रत्येकाची वस्तू ही त्याचीच, मग ती टाचणीच्या मोलाची असली तरी दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. दुसरा, एकदा दिलेली भेट परत घ्यायची नाही, ज्याला दिली त्यानं तिचं काय करायचं ते ठरवावं. (एक वर्षाच्या मुलानं हळू आवाजात रडायला शिकावं, असंही तिनं त्याच पत्रात लिहिलं आहे. ते तिच्यापाशीच राहू द्या.)

आम्ही मग काय केलं, तर प्रत्येकाला बिस्किटांचा एकेक पत्र्याचा डबा दिला. डब्यातलं ज्याचं त्याचं. मागायचं, आणि समोरचा ‘नाही’ म्हणाला तर ते ऐकायचं. आम्हीही त्यात हात घालत नाही. सायकल, कॅरम, रिमोट हे घराचं, ते पाळीनं. ‘त्याचं झालं की तुला’ एवढंच सांगायचं, ‘दे’ म्हणायचं नाही. पहिला महिना वाईट गेला. कोणी कोणाला काही देईना, सासूबाई म्हणाल्या, असली कसली शिकवण! दुसऱ्या महिन्यात अदलाबदल सुरू झाली. मग एक दिवस कोणीही न सांगता एका डब्यातला खोडरबर दुसऱ्या डब्यात गेला.

कॉर्नेल विद्यापीठातल्या नादिया चेर्न्याक आणि तामार कुश्नीर यांचा 2013 सालचा एक प्रयोग इथे आठवतो. बालवाडीच्या वयाच्या काही मुलांना, एका दुःखी बाहुल्याला स्टिकर द्यायचा की स्वतःला ठेवायचा, हे खरोखर ठरवू दिलं. काहींना तो द्यायलाच लावला. नंतर दुसऱ्या बाहुल्याबरोबर वाटायची वेळ आली तेव्हा स्वतः ठरवून दिलेल्या मुलांनी जास्त स्टिकर दिले.

एक सांभाळा. दोन वर्षांच्या मुलाकडून यातलं काहीच मागू नका. ‘माझं’ हा शब्द त्याला नुकता सापडलेला असतो, त्याला तो वापरू द्या.

वचनाची छडी

आमच्या मधल्यानं एकदा भावाला थोबाडीत मारली आणि वर गंभीरपणे म्हणाला, ‘आता दुसरा गाल पुढे कर.’ हसू आलं, पण तो हे शिकला कुठे? आमच्याकडेच. भांडण पेटलं की आम्ही वचन फेकून मारत होतो, त्यानंही तेच केलं.

भांडणाच्या वेळी वचन काढायचं नाही, असा आता नियम आहे. ते संध्याकाळच्या प्रार्थनेत, जेव्हा कोणीच आरोपी नसतो. आणि काढलंच तर पूर्ण काढा. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच ओळीत ती लिहिणारा प्रेषित पौल आधी सांगतो की ज्यानं त्यानं मनात ठरवून द्यावं, भाग पडतं म्हणून देऊ नये. आईबापांसाठी लिहिलेला भाग तो आहे.

थोरलीला दुसरी आई करणं

हे लिहायला जरा जड जातंय. मोठ्या कुटुंबात थोरल्या मुलीचं कौतुक फार होतं. ‘किती समजूतदार!’ पाळकसाहेब घरी आले की चहा तीच आणते, धाकट्याला शू लागली की तीच उठते, नाताळचं पीठ तीच मळते, आणि केकचं मिश्रण बेकरीत भाजायला न्यायचं तर रांगेतही तीच. बाकीचे चौघं काय शिकतात? निःस्वार्थीपणा ही ताईची नोकरी आहे.

लक्षण साधं आहे. सगळ्यांचं ताट वाढून झाल्यावर जी मुलगी रोज ‘मला भूक नाही’ म्हणते तिच्याकडे बघा. ते त्यागाचं वेड नसतं. मागायची सवय मोडलेली असते.

येशू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतली आणि बहीण मरीया त्याचं ऐकत बसली, ही गोष्ट या घरांत नेमकी उलटी वापरली जाते. येशूनं मरीयेला उठवून स्वयंपाकघरात पाठवलं नाही. आणि सुझानाच्याच यादीत आणखी एक नियम आहे, अठराव्या शतकातला: मुलगी चांगलं वाचायला शिकेपर्यंत तिला घरकामाला लावायचं नाही.

दुरुस्ती अशी की कामं वयाप्रमाणे लावा, मुलगा-मुलगी बघून नाही. सहा वर्षांचा पोरगा ताटं मांडू शकतो, दहा वर्षांचा भाजी निवडू शकतो, वाईट निवडेल पण निवडेल. आणि थोरलीला आठवड्यातून एक दुपार अशी द्या की तिच्या नावानं कोणी हाक मारायची नाही. आमच्याकडे ती शनिवारी असते आणि अजूनही दर शनिवारी कोणीतरी मोडतंच.

प्रत्येक खटल्याचा न्याय करणं

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. येशू न्याय करायला बसलाच नाही, मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं, असं विचारलं आणि लोभाबद्दल बोलायला लागला. आम्ही मात्र वर्षानुवर्षं सुरी घेऊन केकचे पाच समान तुकडे मोजत होतो. जितकं मोजाल तितकी पोरं बारकाईनं बघतात.

त्यापेक्षा एकानं कापावं आणि बाकीच्यांनी आधी उचलावं, कापणाऱ्याचा तुकडा शेवटचा. बायबलमधल्या अब्राहामानं जमीन वाटून घेताना पुतण्या लोटाला तेच म्हटलं होतं, आधी तू निवड, मी उरलेल्या बाजूला जातो. मारामारी, रक्त, चोरी असेल तर अर्थातच मध्ये पडा. बाकीच्यांना ‘दोघांनी ठरवा, तोवर पतंग कपाटावर’ एवढं पुरतं.

तुलनेबद्दल एकच ओळ. ‘बघ, दादा कसा देतो’ म्हणणं म्हणजे बायबलमधल्या बापासारखं एकट्या लाडक्या योसेफाला झगा शिवून देणं. पुढे भावांनी त्याला विकलंच.

आपल्या पैशानं त्यांचं दान

उपासनेत दानाची थैली फिरायला लागली की पप्पा खिशातून पाच नाणी काढतात आणि पाच तळहातांवर ठेवतात. मुलं ती टाकतात. त्यात मुलांनी दिलं काय? खाऊच्या पैशातलं, अगदी एक रुपया, तेही मनात आलं तर. एखाद्या रविवारी हात रिकामा राहिला तरी डोळे वटारू नका. तसंच नाताळच्या आधी मुलांची खेळणी त्यांना न विचारता गोळा करून अनाथाश्रमात पोचवणं. चांगल्या कामासाठी असलं तरी घेतलेलं न विचारताच असतं.

तोंडं पाच, आईचे कान दोन

हे आम्हाला सगळ्यात उशिरा कळलं. मोठ्या घरात खरी टंचाई खेळण्यांची नसते, आईबापांची असते. रंगपेटीवरचं भांडण कित्येकदा आईच्या नजरेसाठी असतं. तशा भांडणात दुसरी रंगपेटी आणून काहीही होत नाही, आम्ही आणून पाहिलीय.

सुझाना वेस्लीनं यावरही काही केलं होतं. नवरा लंडनला गेलेला असताना, 1712 च्या सुमारास, तिनं आठवड्याच्या संध्याकाळी मुलांना वाटून दिल्या. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. त्या वेळात त्या एकाच मुलाशी बोलायचं. पुढे ऑक्सफर्डमध्ये असताना जॉननं आईला पत्रात त्या गुरुवारच्या संध्याकाळची आठवण करून दिली आणि तेवढाच वेळ पुन्हा मागितला.

रोज संध्याकाळ मोकळी ठेवणं आम्हाला जमत नाही. म्हणून कामालाच मूल जोडलं. बाजाराला एक, बँकेत एक, गच्चीवर कपडे वाळत घालायला एक. मंगळवारी दळणाला माझ्याबरोबर मधला येतो, तोच गालवाला. पहिले तीन मंगळवार तो चकार शब्द बोलला नाही, डबा हातात घेऊन नुसता चालला. चौथ्या मंगळवारी बोलायला लागला तो दळण होईपर्यंत थांबला नाही. सगळं क्रिकेटबद्दल. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही.